कुठे गळतंय

मंगळवार, ४ तारीख

कप्तान म्हणाले, बोटीवर चढणाऱ्या माणसानं रोज लिहायचं असतं. मी म्हटलं, काका, मी सातवीत शाळा सोडली, म्हणजे मास्तरांनीच हात जोडले. ते म्हणाले, मग अक्षर कोरं करकरीत असेल, वापरलंच नाहीस. आणि ही जाडजूड वही हातात दिली. म्हणून लिहितोय.

आज पक्कं झालं. त्यांच्या शिडाच्या बोटीवर सोलर मी बसवायचं. त्यावर फ्रीज आठवडाभर एकदाही न थांबता चालला की दोर सोडायचे आणि निघायचं, वर्षभर समुद्रावर. आणि मी त्यांच्याबरोबर! पगार नाही, पण खाऊनपिऊन, आणि शीड कसं चढवतात ते शिकवणार.

फ्रीज म्हणजे मावशींचं, कप्तानांच्या बायकोचं, साखरेचं इंजेक्शन. ते गार राहिलंच पाहिजे. लांब समुद्रात धक्क्यावरची वीज कुठली, आणि इंजिन तरी किती घरघरवणार? म्हणून ऊन.

मी सांगितलं, मला येतं. खोटं नाही. भाऊजींच्या हाताखाली घरांच्या छपरांवर पॅनेल बसवलीत. बोटीवर बसवलीस का, असं त्यांनी विचारलं नाही, मग मीही बोललो नाही. छप्पर काय, बोट काय, ऊन वरूनच येणार.

कप्तान खरे कप्तान नाहीत. जन्मभर विम्याच्या ऑफिसात बसले. ही बोट सडकी घेतली आणि रोज संध्याकाळी येऊन येऊन उभी केली. रिटायर झाल्यावर घर विकलं आणि दोघं बोटीतच राहायला आले. बोट अजून गोदीत जमिनीवर टेकूंवर उभी आहे, शिडी लावून वर चढायचं. वारा फिरायच्या आत निघायला पाहिजे, नाहीतर थेट पुढच्या वर्षी.

मी गोदीत बोटींचा जुना रंग खरवडतो. बेकरी झाली, गॅरेज झालं, गोदाम झालं. ताई म्हणते तुझ्या पायाला भिंगरी आहे. असू दे. भिंगरीवाल्या पायाला बोटीइतकी चांगली जागा दुसरी कुठली?

शुक्रवार, ७ तारीख

तिन्ही पॅनेल बसली. दोन मागच्या कमानीवर, एक केबिनच्या डोक्यावर. मिस्त्री, म्हणजे आमच्या गोदीचा मुख्य माणूस, खालून ओरडला, 'ए छप्परवाल्या, कौलं पण घाल की वरून!' सगळे हसले. हसा म्हटलं.

जोडणी छपरावर करतो तशीच केली. एकाला दुसरं, दुसऱ्याला तिसरं, माळेसारखी. कंट्रोलर जिन्याजवळ लावला, आकडा दिसतो असा. तो ऊन मोजून मापून बॅटरीत सोडतो. बॅटऱ्या मावशींच्या झोपायच्या फळीखाली आहेत. चार्जिंगच्या वायरीवर एक मोठा लाल खटका लावला, मावशींच्या उशाशी. तिथे खारं पाणी येत नाही आणि वायर आखूड पडते. हा बंद केला की वरून येणारं ऊन बॅटरीत जात नाही, बाकी फ्रीज-दिवे चालूच राहतात. दुरुस्तीला सोपं.

दुपारी चालू केलं आणि आकडा असा चढला की मी उडीच मारली. बोट टेकूवर हलली. मावशी किंचाळल्या.

मग त्यांनी खटका नीट समजून घेतला. म्हणाल्या, 'हा चुकून बंद पडला तर लगेच कळतं का रे?' मी म्हटलं, 'नाही मावशी, फ्रीज बॅटरीवर चालतच राहतो. बॅटरी संपली की पहाटेपर्यंत बसतो. पण काळजी करू नका, मी घट्ट लावलाय, आपोआप पडणार नाही.' त्यांनी मान हलवली. बरं वाटलं. बायका सहसा असलं विचारत नाहीत, या मन लावून विचारतात.

बुधवार, १२ तारीख

मेलो.

आज क्रेन आली. बोट पाण्यात सोडली. मग डोलकाठी आणली. ती आजवर बाजूला आडवी पडलेली होती, तिच्यावर बसून मी डबा खायचो. ती उचलून बोटीच्या मधोमध उभी केली. तिला आडवी काठी लागली, दोरखंड लागले. कप्तानांच्या डोळ्यांत पाणी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी आकडा बघायला गेलो तर आकडा झोपलेला.

वर येऊन बघतो तर डोलकाठीची सावली, वीतभर रुंद म्हणावी एवढी, एका पॅनेलवर तिरकी पडलेली. बस, तेवढीच. बोट वाऱ्यानं जरा वळली की सावली दुसऱ्यावर. आडव्या काठीची तिसऱ्यावर. घराचं छप्पर जागचं हलत नाही आणि छपरातून कुणी खांब वर काढत नाही. मी काठी नसलेल्या बोटीवर काम केलं, आणि त्या काठीवरच बसून जेवलो! एकदाही डोक्यात आलं नाही की ही उभी राहणार आहे.

मिस्त्री म्हणाला, 'काय रे, काठी काढून टाकायची का? तुझ्या सोलरसाठी वल्ही मारत जातील म्हातारा-म्हातारी.'

कप्तानांनी उगाच एक दोरखंड सोडून परत बांधला.

गुरुवार, १३ तारीख

भाऊजींना फोन. ते म्हणाले, 'माळेत जोडलंस? गाढवा, एकावर सावली पडली की अख्खी माळ बसते. प्रत्येकाची वायर वेगळी खाली आण, प्रत्येकीला वेगळा फ्यूज, आणि खाली एकत्र कर. मग एक झोपलं तरी बाकीची दोन कमावतील.' मग म्हणाले, 'तू बोटीवर कशाला गेलास पण?'

ताईनं फोन घेतला. आई शेजारीच होती वाटतं. ताई म्हणाली, 'आई विचारते, त्या बोटीला बुडायची सवय आहे का?' मी म्हटलं तिला सांग, बोट बुडायला आधी निघायला तर पाहिजे. आईचं हसू ऐकू आलं नाही.

कप्तानांना खरं सांगितलं, की बोटीवर पहिल्यांदाच करतोय. म्हटलं हाकलतील. ते म्हणाले, 'मी पण पहिल्यांदाच निघतोय. जोड परत.'

रविवार, १६ तारीख

जोडलं. नव्या वायरी, नवे फ्यूज, प्रत्येक टोक दाबून, ओढून बघितलं. सावली पडली तरी आकडा थोडा वाकतो, झोपत नाही. फ्रीज चालू केला. कप्तानांनी भिंतीवर खडूनं रेघ ओढली. आठवड्याच्या रेघा झाल्या की निघायचं.

मावशींनी उकडलेली अंडी आणि पाव दिला. मी विचारलं, 'मावशी, तुम्हाला समुद्र आवडतो ना?' म्हणाल्या, 'चाळीस वर्षं आवडतो म्हणतेय.' आणि विणायला बसल्या. एवढीशी टोपी. मी म्हटलं एवढी लहान कुणाला? म्हणाल्या, लेकीला नववा लागलाय. मी म्हटलं मग तर मजाच, परत येऊ तोवर पोरगं चालायला लागलेलं असेल, आजीला बघून पळेल. त्यांचा टाका चुकला, त्यांनी उसवला.

संध्याकाळी कँटीनमध्ये चहाला गेलो तर मावशी तिथल्या बाईच्या फ्रीजमधून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेत होत्या. मला बघून दचकल्या. म्हणाल्या, 'लोणी रे.' मी म्हटलं आपला फ्रीज असताना इथे कशाला? म्हणाल्या, तुझ्या फ्रीजची परीक्षा चाललीय ना, त्यात सारखं दार उघडायला नको. बघा किती विचार करतात माझ्या कामाचा.

बुधवार, १९ तारीख

पहाटे फ्रीज बंद पडला. कप्तानांनी ओल्या फडक्यानं रेघा पुसल्या.

मी कामावर जायच्या आधी गेलो होतो. सगळं चालू. खटका चालू. फ्यूज शाबूत. पण बॅटरी रिकामी. काल ऊन कडक होतं. मग आलेलं ऊन गेलं कुठे?

शुक्रवार, २१ तारीख

परत तेच. दुपारी जेवायच्या सुट्टीत जातो तेव्हा आकडा छान चढलेला असतो. पण दिवसभराची बेरीज अर्धीसुद्धा नाही. म्हणजे सकाळचं ऊन कुणीतरी पिऊन टाकतंय.

सकाळी मी मिस्त्रीच्या ताब्यात असतो. कप्तान हवामानाचा कागद आणायला बंदराच्या ऑफिसात चालत जातात, तेवढाच त्यांचा व्यायाम. बोटीवर मावशी एकट्या. त्यांना विचारलं, सकाळी काही वेगळं दिसतं का? आकडा पडतो का? त्या म्हणाल्या, 'मला बाबा त्यातलं काय कळतंय.' पुन्हा पुन्हा विचारलं तर डोळे पुसायला लागल्या. मलाच लाज वाटली. त्यांच्या जिवाचं औषध आणि मी त्यांनाच कामाला लावतोय.

जेवण जात नाही. वायरी डोळ्यांपुढे येतात.

रविवार, २३ तारीख

आज सुट्टी. सूर्य उगवल्यापासून कंट्रोलरसमोर मांडी घालून बसलो. उठलो नाही. मावशी दोनदा म्हणाल्या, जरा पाय मोकळे करून ये. नाही म्हटलं. म्हणाल्या, कँटीनमधून साखर आण. मी म्हटलं काका आणतील. दिवसभर आकडा असा, असा चढला, बॅटरी काठोकाठ!

म्हणजे मी बसलो की चालतं. उठलो की बंद. मी काय कोंबडी आहे का?

कप्तान म्हणाले, 'मग समुद्रात वर्षभर तिथेच बस.' हसले. मला हसता आलं नाही. मिस्त्रीला सांगितलं तर म्हणाला, 'ज्याच्या हातात गुण नसतो त्याचं असंच असतं. तू गेलास की वायरी सुटकेचा श्वास घेतात.' सगळ्यांनी टेबलं बडवली.

मंगळवार, २५ तारीख

कंट्रोलर जळाला. दुपारी गेलो तर जळका वास, आकडा काळा. मावशी पांढऱ्याफटक पडलेल्या, जिन्यात बसलेल्या. म्हणत होत्या, 'मी काही नाही केलं, मला वाटलं नव्हतं असं होईल.' मी म्हटलं, मावशी, तुम्ही कशाला काय कराल, चूक माझीच असणार कुठेतरी. त्यांना पाणी दिलं.

भाऊजींना फोन. ते म्हणाले, 'असा जळतो तो एकाच गोष्टीनं. कडक उन्हात पॅनेल चालू आणि बॅटरी तोडलेली. मग सगळा जोर त्याच्या अंगावर. कुणी बॅटरी काढली होती का?' म्हटलं नाही. 'खटका?' म्हटलं चालू होता, मी बघितला. 'मग आतून कुठे वायर सैल असेल, मध्येच सुटत असेल.'

फळी उचलून, मावशींचं अंथरूण बाजूला करून, सगळं परत उकललं. एकही सैल नाही. एकही! मी स्वतःच्या हातांकडे बघत बसलो. हे हात काय करतात ते मलाच कळत नाही आता.

शुक्रवार, २८ तारीख

कप्तानांनी दुर्बीण विकून नवा कंट्रोलर आणला. ती दुर्बीण त्यांनी बोटीच्या आधी घेतली होती, ऑफिसच्या खिडकीतून बंदर बघायचे म्हणे. मावशींनी रिकामी पेटी बघितली आणि रडत केबिनमध्ये गेल्या. दुर्बिणीवर एवढा जीव असेल असं वाटलं नव्हतं.

कप्तान मला म्हणाले, 'आता वारा फार थांबणार नाही. हे शेवटचं.'

मावशी लेकीकडे गेल्या, चारपाच दिवसांसाठी. निरोप घ्यायला. मी नवा कंट्रोलर लावला, प्रत्येक जोडावर ग्रीस चोपडलं, दमट हवा आत जाऊ नये म्हणून. कुणी सांगितलं नाही, माझं मलाच सुचलं.

मंगळवार, २ तारीख

चालतोय! सूर्याबरोबर आकडा उठतो, सूर्याबरोबर मावळतो. बॅटरी भरून वाहतेय म्हणा. ग्रीस! सगळा खेळ ग्रीसचा होता.

कप्तानांनी रेघा ओढल्या, आणि मला त्यांचं जुनं पावसाळी जॅकेट दिलं. बाह्या लांब आहेत. गोदीभर घालून फिरलो, कडक उन्हात. मिस्त्री म्हणाला, 'भिजतोयस का घामानं?' म्हटलं जळा.

ताईला फोन केला. 'ताई, निघतोय.' ती म्हणाली, 'आई देवघरात जाऊन बसली बघ.' म्हटलं आशीर्वाद द्यायला ना? ती म्हणाली, 'तेच समज.'

संध्याकाळी मावशी परत आल्या. मी धावत जाऊन पिशवी घेतली. सांगितलं, मावशी, जमलं! तुम्ही नव्हता तेव्हापासून एकदाही बंद नाही! त्या म्हणाल्या, 'हो का. शहाणा गं माझा बाळ तो.' माझ्या गालावरून हात फिरवला. हात गार होता.

गुरुवार, ४ तारीख

गेला. परत गेला. पहाटे फ्रीज बंद, आणि आतलं पाणी मावशींच्या पायाशी.

शेवटच्या दोन रेघा बाकी होत्या.

आता काय करू? ग्रीस पुसलं, परत लावलं. पॅनेल पुसली. फ्यूज बदलले. सगळं बरोबर आहे आणि चालत नाही. चूक सापडली असती तर शिव्या तरी घातल्या असत्या. इथे शिवी घालायला पण काही सापडत नाही. मिस्त्री आता हसत नाही. तो हसत नाही म्हणजे मी खरंच संपलो.

जेवायच्या सुट्टीत धक्क्याच्या टोकाला गेलो आणि वीज मोजायचा मीटर पाण्यात फेकला. मग लगेच पश्चात्ताप झाला, कारण तो भाऊजींचा होता.

पळून जावं असं वाटतं. बेकरीतून तसाच गेलो होतो. पण जॅकेट कप्तानांचं आहे.

शनिवार, ६ तारीख

आज सकाळी मिस्त्रीनं मला दोर आणायला धक्क्यावर पाठवलं. बघतो तर कप्तान बोटीपासून थोड्या अंतरावर उभे. हातात हवामानाचा कागद. एरवी आले की थेट वर चढतात. मी म्हटलं, 'काका, लवकर आलात?' ते म्हणाले, ऑफिस बंद होतं, शिपाई दारातच कागद देऊन गेला.

मी म्हटलं, 'चला ना वर, आकडा बघू.' त्यांनी माझा दंड धरला. म्हणाले, 'थांब. तिला बाहेर येऊ दे आधी.'

केबिनचं झाकण उघडं होतं. मला उन्हात काही दिसलं नाही. थोड्या वेळानं मावशी बाहेर आल्या, कपडे वाळत घालायला. आम्हाला बघून हातातला टॉवेल तसाच राहिला. कप्तानांनी त्यांना हात केला, लांबून, जसं काही कुणाला निरोप देतात. मग मला म्हणाले, 'जा तू, मिस्त्री बोंबलेल.'

हवामान वाईट असणार. कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला, मला दाखवला नाही.

रविवार, ७ तारीख

निघायचं रद्द.

कप्तानांनी सकाळीच सांगितलं. मावशी समोर बसलेल्या, मान खाली. मी म्हटलं, 'काका, एक आठवडा द्या, फक्त एक. मी इथेच बसतो, हलत नाही, जेवण पण इथेच करतो.' मी त्यांचे पाय धरले, खरंच धरले. ते म्हणाले, 'ऊठ, वेड्या. मला कळलंय कुठे गळतंय.'

'कुठे?'

'बोटीत नाही.'

'मग कुठे? धक्क्यावरून तर एकही वायर आलेली नाही!'

ते हसले, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. 'घर बघितलंय,' म्हणाले, 'लेकीच्या गल्लीत. एक खोली, वर गच्ची. पॅनेल काढ आणि तिथे बसव. छपरावरचं तर येतं ना तुला?'

मावशी काहीतरी बोलायला गेल्या. कप्तान म्हणाले, 'चहा टाक तू.' ओरडून नाही. एवढं मऊ बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं, आणि मावशी त्यानंच रडल्या.

म्हणजे मी त्यांचा जन्माचा बेत बुडवला. चाळीस वर्षांचा. माझ्या हातांनी.

ताईला सांगितलं, नाही जात. पलीकडे आई मोठ्यानं रडली. ताई म्हणाली, 'आनंदानं रे.' मला नाही समजत या बायकांचं.

सोमवार, १५ तारीख

गच्चीवर पॅनेल चढवली. वायरी खाली खोलीत आणल्या. छप्पर जागचं हलत नाही, खांब नाही, सावली नाही. तासाभराचं काम.

मी विचारलं, 'खटका कुठे लावू?'

मावशी भांडी लावत होत्या. कप्तान म्हणाले, 'हिच्या उशाशीच लाव. हात बसलाय तिचा.'

मावशींच्या हातातलं भांडं खाली पडलं. फुटलं नाही, पण गोल गोल फिरत राहिलं, कुणी उचलेना. शेवटी मी उचललं. मग मावशी म्हणाल्या, 'दाराशी लाव. सगळ्यांना दिसेल असा.' कप्तान म्हणाले, 'मी म्हणतो उशाशी.' मावशी म्हणाल्या, 'आणि मी म्हणते दाराशी.' एवढ्याशा खटक्यावरून भांडणारी माणसं मी पहिल्यांदा बघितली. मी दाराशी लावला, कारण वायर तिथपर्यंतच पोचत होती.

कँटीनमधलं फडकं मावशींनी आणलंय. आत लोणी नव्हतं, इंजेक्शनं होती. ती त्यांनी आपल्या फ्रीजमध्ये ठेवली. विचार आला की माझ्यावर भरवसा नव्हताच त्यांचा, म्हणून तिथे ठेवत होत्या. बरोबरच होतं त्यांचं.

सोमवार, २२ तारीख

फ्रीज चालतोय. आठवडा झाला, ढग आले तरी चालतोय. तीच पॅनेल, तीच बॅटरी, त्याच वायरी, तेच माझे हात. कप्तान गच्चीवर खुर्ची टाकून बसतात. तिथून बंदर दिसत नाही, फक्त डोलकाठ्यांची टोकं दिसतात. त्यातली आपली कुठली ते त्यांना कळतं. बोटीला गिऱ्हाईक येतंय म्हणे.

लेकीला मुलगा झाला. टोपी मोठी झाली त्याला.

मंगळवार, २३ तारीख

आज गोदीत एक बोटवाला आला, शिडाच्या बोटीचा. मिस्त्रीकडे चौकशी करत होता, बोटीवर सोलर बसवणारं कुणी आहे का. मिस्त्रीनं माझ्याकडे बोट केलं. चेष्टा नाही, खरंच केलं. म्हणाला, 'हा करेल. शिकलाय आता.'

बोटवाला म्हणाला, 'चार महिने बाहेर जाणार आहे. माणूस पण हवाय बरोबर. येतोस?'

माझ्या तोंडात हो आलं होतं. जॅकेट अंगावरच होतं. पण मी म्हटलं, 'मला येत नाही.' तो गेला. मिस्त्रीनं रंग खरवडायची पट्टी माझ्या हातात दिली.

संध्याकाळी जॅकेट परत करायला गेलो. कप्तान गच्चीवर, मावशी नातवाचे कपडे वाळत घालत होत्या. मी झालेलं सांगितलं. म्हटलं, मावशी, बरं झालं मी नाही म्हटलं. कुणाच्या जिवाशी खेळ नको. कुठेतरी गळतं आणि मला ते सापडत नाही, तर मी दुसऱ्याच्या बोटीवर कसा जाऊ?

मावशींनी कपडे खाली ठेवले. दोरीला धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, 'अरे, तुझ्या कामात खोट नव्हती. काही काही खोट नव्हती. ऐकतोयस ना? माझ्यामुळे...' आणि माझं मनगट धरून ठेवलं, घट्ट, दुखेल एवढं.

देवमाणूस. मला बरं वाटावं म्हणून सगळं स्वतःवर घेतात. मी म्हटलं, 'राहू द्या मावशी, मला लहान पोरासारखं समजावू नका.' जॅकेट दोरीवर टाकलं आणि निघालो.

उद्या सकाळी एक ट्रकवाला गोदाम असलेल्या गावाकडे जातोय, त्याला हमाल हवाय. वही पण कप्तानांना परत द्यावी म्हटलं होतं, बोटीवर चढलोच नाही तर लिहायचं कशाला. पण कप्तानांनी जिन्यात गाठलं आणि जॅकेट परत अंगावर चढवलं. म्हणाले, लिहीत राहा. त्यांनाही काहीतरी सांगायचं होतं असं वाटलं. त्यांनी वर बघितलं, मावशींच्या पावलांचा आवाज येत होता, आणि ते नुसते माझ्या बाह्या दुमडत राहिले.